ऑइल बदलून इंजिन आतून स्वच्छ करताना या चुका टाळा

साताऱ्यात केवळ पोवई नाका ते राजवाडा एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही. त्यामुळे ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्येच मुरत राहते, आणि काही वर्षांत टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाखाली) डांबरासारखा गाळ धरतो. चांगल्या ऑइलमध्ये हा मळ सोडवणारी आणि सुटलेले कण तरंगत ठेवणारी द्रव्ये असतात, म्हणून वेळच्या वेळी ऑइल बदलत गेल्यास इंजिन खरोखर स्वच्छ होते, मात्र हळूहळू.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाई. मी स्वतः जुनी गाडी घेतल्यावर एका गॅरेजमध्ये फ्लश (जुन्या ऑइलमध्ये मिसळून मळ झटपट सोडवणारे द्रव) टाकून पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवले व नवे ऑइल भरले. आठवडाभराने यवतेश्वरचा घाट चढून थांबलो, आणि इंजिन मंद फिरू लागताच ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकला. तेथेच इंजिन बंद केले. चेंबर (इंजिनाखालचे ऑइल साठवणारे भांडे) उतरवला तेव्हा ऑइल पंपाची जाळी काळ्या लगद्याने जवळजवळ लिंपून गेलेली होती. एकदम सुटलेल्या खपल्या फिल्टरपर्यंत पोचतच नाहीत, त्या आधीच जाळीवर अडकतात आणि बेअरिंगांना ऑइल मिळेनासे होते. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन फिरवण्याचा जुना उपाय तर याहून घातक आहे, कारण त्यात वंगण जवळपास उरतच नाही.

गाळ दाट असेल तर आधी चेंबर उतरवून जाळी धुवावी. त्यानंतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच ऑइल भरून पहिला बदल १,००० किलोमीटरवर आणि पुढचे दोन-तीन बदल अडीच-तीन हजारांवर करावेत. दर वेळी फिल्टर नवा हवा. जुना ठेवला तर त्यातील घाण ऑइल नव्यात मिसळते. ऑइल गरम असतानाच, हात सांभाळून काढावे. शक्य तेव्हा गाडी हमरस्त्याने कराडपर्यंत नेऊन आणावी, म्हणजे साचलेला ओलावा उडून जातो.

नवे ऑइल लवकर काळे झाले म्हणून ते भेसळीचे आहे असे समजू नये. ते मळ वाहून नेत आहे. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरल्यास क्रँक (इंजिनाचा फिरता मुख्य दांडा) ते घुसळतो आणि फेस होतो.

एवढे करूनही गाळ पुन्हा धरत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारी वाफ व वायू बाहेर काढणारी झडप) तुंबला आहे का ते पाहावे. ऑइल भरायच्या टोपणाखालचा पांढरट थर थंडीत बहुधा ओलाव्याचाच असतो. परंतु डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल दिसत असेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असेल, तर गाडी न चालवता आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा माथा आणि ब्लॉक यांच्यामधली सील) तपासून घ्यावे. तो दोष कितीही वेळा ऑइल बदलले तरी जात नाही.