वर्तनात्मक सार्वजनिक अर्थशास्त्राची कार्यशाळा कशी आखावी

वर्तनात्मक सार्वजनिक अर्थशास्त्र म्हणजे माणसे निवड करताना चुकतात हे धरून कर आणि सरकारी योजनांचा विचार करणारी शाखा. पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी तिची कार्यशाळा भरवताना पहिला मोह होतो तो माणसाच्या चुकांची जंत्री मांडण्याचा: तोट्याची धास्ती, उद्यापेक्षा आजकडे असलेला ओढा, जैसे थे राहण्याची सवय. ही जंत्री विद्यार्थ्यांनी आधीच वाचलेली असते. माणूस चुकतो हे मान्य केल्यावर कर, अनुदान किंवा निवृत्तीच्या बचतीची योजना किती बदलायची आणि त्या बदलाने त्याचे भले झाले हे कशाच्या आधारे म्हणायचे, इथे मात्र ते अडखळतात. नेहमीच्या सार्वजनिक अर्थशास्त्रात माणसाची निवड हाच त्याच्या कल्याणाचा पुरावा मानला जातो. या शाखेत तो पुरावाच संशयास्पद ठरतो. कार्यशाळेची सारी आखणी या एका अडचणीभोवती करावी.

पूर्वतयारी म्हणून मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते), करामुळे होणारी कार्यक्षमतेची हानी (करामुळे खरेदी बदलल्याने होणारा, सरकारच्याही हाती न लागणारा तोटा) आणि इष्टतम कराची, म्हणजे कर किती असावा याची, प्राथमिक मांडणी एवढे पुरे. वाचनासाठी दोनच शोधनिबंध आधी पाठवावेत. वीस पाठवले तर एकही नीट वाचला जात नाही. पहिला मॅड्रियन आणि शे यांचा २००१ चा. एका अमेरिकी कंपनीने नव्या कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या बचत योजनेत आपोआप सामील करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सहभाग ४९ टक्क्यांच्या जागी ८६ टक्के दिसला आणि बरेच जण कंपनीने ठरवलेल्या ३ टक्के वर्गणीवरच थांबले. दुसरा बर्नहाइम आणि रँगेल यांचा २००९ चा, ज्यात परिस्थितीनुसार बदलणाऱ्या निवडींवरून कल्याणाचे माप कसे काढावे याची चौकट आहे. पहिल्या सत्रात एकच प्रश्न विचारावा: नाव न नोंदवणारा जुना कर्मचारी आणि नाव न काढून घेणारा नवा कर्मचारी, यांपैकी कोणाची निवड खरी मानायची? चर्चा घाईने मिटवू नये.

सर्वाधिक वेळ कराच्या ठळकपणाला, म्हणजे कर ग्राहकाच्या किती लक्षात येतो याला, द्यावा, कारण इथे गणित आणि प्रयोग दोन्ही हाताशी येतात. चेट्टी, लूनी आणि क्रॉफ्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उत्तर कॅलिफोर्नियातील एका किराणा दुकानात काही वस्तूंच्या किमतीच्या चिठ्ठीवर एरवी गल्ल्यावरच जोडला जाणारा ७.३७५ टक्के विक्रीकर धरून येणारी किंमतही लिहिली, आणि त्या वस्तूंची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली. कर तोच होता, फक्त तो आता नजरेत भरत होता. यावरून विद्यार्थ्यांना कागद-पेन्सिल घेऊन एक उदाहरण सोडवायला द्यावे. ग्राहक कराचा जेवढा हिस्सा लक्षात घेतो त्याला थीटा म्हणू. मागणीची रेषा सरळ, विक्रेत्याची किंमत स्थिर आणि उत्पन्नाचा परिणाम (खिशात कमी पैसे उरल्याने मागणीत होणारा बदल) नगण्य मानला, तर कार्यक्षमतेची हानी थीटाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे सगळेच ग्राहक निम्मा कर लक्षात घेत असतील, तर हानी पूर्ण लक्ष असतानाच्या एक चतुर्थांशावर येते. आता गृहीतक बदलावे: निम्मे ग्राहक पूर्ण कर पाहतात आणि निम्मे अजिबात पाहत नाहीत. सरासरी तीच, पण वर्गांची सरासरी अर्धी होते आणि हानी आधीच्या दुप्पट निघते, कारण वस्तू आता चुकीच्या हातांत जाऊ लागते. टॉबिन्स्की आणि रीस-जोन्स यांच्या २०१८ च्या निबंधाचा गाभा हाच आहे, आणि तो निबंध या आकडेमोडीनंतरच हाती द्यावा. शेवटी उत्पन्नाच्या परिणामाचे गृहीतक काढून घ्यावे, म्हणजे न दिसणारा कर निरुपद्रवी असतो हा झटपट निष्कर्षही टिकत नाही: कराकडे दुर्लक्ष करणाऱ्याच्या खिशाला चाट बसतेच, फक्त ती दुसऱ्या कुठल्या तरी खर्चात उमटते.

त्यानंतर साखरयुक्त पेयांवरील कर घ्यावा. व्यक्ती स्वतःच्याच भविष्यावर जे नुकसान लादते, त्याची भरपाई करणाऱ्या कराची कल्पना विद्यार्थ्यांना चटकन पटते; कठीण असते ते त्या नुकसानाचे माप. ऑलकॉट, लॉकवुड आणि टॉबिन्स्की यांनी २०१९ मध्ये आहाराचे ज्ञान आणि आत्मनियंत्रण यांबद्दलच्या पाहणीतून ते काढले आणि त्यासाठी आहारतज्ज्ञांची उत्तरे संदर्भ म्हणून वापरली. ही पद्धत विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावी: आहारतज्ज्ञ कमी पेये पितो ते ज्ञानामुळे, की त्याची आवडच निराळी असल्यामुळे? असा कर गरिबांवर जास्त पडतो, हा आक्षेपही याच सत्रात यावा आणि चूक सुधारल्याचा लाभही बहुधा त्यांच्याकडेच जास्त जातो, ही दुसरी बाजूही मांडावी.

पाहुण्या प्राध्यापकाचे मोठे व्याख्यान पहिल्या दिवशी ठेवण्याची प्रथा आहे. माझ्या मते ते उत्तरार्धात ठेवावे, कारण तोवर विद्यार्थी प्रश्न विचारण्याच्या तयारीत आलेले असतात.

उरलेला वेळ विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या प्रस्तावांना द्यावा. तीन-चार जणांच्या गटात प्रत्येकाने एका पानाचा आराखडा वाचून दाखवावा आणि त्यात धोरण कोणते, चूक कोणती, ती मोजणार कशी आणि कल्याणाचा निष्कर्ष कोणत्या गृहीतकावर उभा आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. सर्वांत जास्त प्रस्ताव नमुन्याच्या आकारावर, म्हणजे प्रयोगात किती जण घ्यायचे यावर, अडतात. डेलाव्हिग्ना आणि लिनोस यांनी २०२२ मध्ये दाखवले की नियतकालिकांत छापून आलेल्या 'नज' (सक्ती किंवा पैशाचे आमिष न वापरता निवडीला हलकेच वळण देणाऱ्या) प्रयोगांचा सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदू होता, तर अमेरिकेतील दोन मोठ्या 'नज' पथकांनी केलेल्या १२६ प्रयोगांत तो १.४ टक्केबिंदू निघाला. परिणाम सहापट लहान असेल, तर बाकी सारे तसेच ठेवून तो पकडायला साधारण छत्तीसपट मोठा नमुना लागतो. म्हणून प्रत्येक गटाकडून दोन्ही आकडे धरून गणित करून घ्यावे आणि दुसऱ्या आकड्याने ज्यांचा प्रस्ताव आवाक्याबाहेर जातो, त्यांना प्रश्न अरुंद करायला किंवा आधीच उपलब्ध असलेल्या प्रशासकीय नोंदींकडे वळायला सांगावे.