कारवी, टोपली कारवी की वायटी? डोंगरात ओळखायची कशी

सप्टेंबरात घाटात कुठेही जांभळं फूल दिसलं की ट्रेकमधला कोणीतरी "अरे कारवी फुलली!" म्हणून ओरडतोच, मीपण बरीच वर्षं असाच ओरडायचो. पण सह्याद्रीत कारवीच्या सख्ख्या-चुलत बहिणी बऱ्याच आहेत, सगळ्या स्ट्रोबिलॅन्थस या एकाच प्रजातीतल्या (genus), आणि फुलं लांबून सारखीच वाटतात. म्हणून रंग बघायचा तो सगळ्यात शेवटी, आधी आपण उभे कुठे आहोत आणि झुडूप केवढं आहे ते बघा.

जंगलातला उतार, वर झाडांची सावली आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेली काठ्यांची गर्दी, तर ती बहुतेक खरी कारवी. पानं मोठी, वीतभर लांब, देठ असलेली, कडेला बारीक दाते आणि हाताला खरखरीत. याच काठ्यांचे कूड करून वर शेणामातीने लिंपलेल्या भिंती गावाकडे बघितल्या असतील.

आता उघड्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर आलात, कासला वगैरे, आणि गुडघा-मांडीएवढी गोल झुडपं दिसतायत, टोपल्या पालथ्या घातल्यासारखी, तर ती टोपली कारवी. पानं लहान, लवदार आणि जवळजवळ बिनदेठाची, खोडालाच चिकटलेली. सड्यावरच्या वाऱ्यात उंच वाढून करायचंय काय म्हणा! फोटोच्या नादात या झुडपांमध्ये घुसू मात्र नका.

वायटी फसवते. तीही जंगलात सावलीतच असते, पण साधारण छाती-कमरेएवढी. फुलं पांढरट, किंचित जांभळी झाक असलेली आणि येतात थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, म्हणजे कारवीचा सीझन संपल्यावर. तरी शंका असेल तर फुलांच्या गोंड्याला हळूच बोट लावा, चिकट लागला की वायटी. तिच्या शास्त्रीय नावाचा, इक्सिओसेफालाचा अर्थच मुळी चिकट डोक्याची असा आहे, एवढं सोपं नाव शास्त्रज्ञ क्वचितच देतात.

खरी पंचाईत अशी की कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, मधल्या वर्षांत फूल नाहीच, त्यामुळे पानं-खोडावरून ओळखता आली नाही तर काही उपयोग नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०१६ ला फुलली, मग थेट २०२४ ला. कासची टोपली कारवी २०१६ आणि २०२३ ला. पण प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं, आणि एखादं चुकार झुडूप भलत्याच वर्षी फुललेलं दिसतं, त्यावरून लगेच सगळ्यांना गाडी काढायला लावू नका.

उतारावरची सगळी कारवी एकाच उंचीची, गुडघ्याएवढी दिसली तर समजा की बहर होऊन फार वर्षं झालेली नाहीत. सगळीकडे नुसत्या वाळक्या काठ्या आणि त्यांवर सुकलेले तुरे असतील तर ती नुकतीच फुलून मेलेली कारवी. तिथे पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसात जाऊन उभे राहा, ओल लागली की वाळकी फळं तडतड फुटतात आणि बी उडतं, तो आवाज भारी असतो.

अजून एक घोळ म्हणजे नीलकुरिंजी. प्रजाती तीच, पण ती वेगळी जात (species), बारा वर्षांनी फुलणारी, मुन्नारकडे २००६ आणि २०१८ ला फुललेली. कासच्या फोटोखाली नीलकुरिंजी लिहिलेलं दिसलं तर प्लीज दुरुस्त करा.

आणि नुसत्या फुलाचा क्लोजअप काढून "ही कोणती?" असं विचारू नका हो, त्यावरून जाणकारांनाही सांगता येत नाही. एक फोटो पूर्ण झुडपाचा, शेजारी माणूस उभा करून, एक पानाचा देठासकट आणि एक तुऱ्याचा बाजूने, एवढे तीन असले की काम होतं.