पुढून जाहिरात, मागून कायदा: केसांसाठी बाटली घेताना या चुका टाळा

गेल्या आठवड्यात एक मुलगी पार्लरात आली आणि तिने काउंटरवर पिशवी उपडी केली. कांद्याचं तेल, बायोटिनचा शाम्पू, तांदळाच्या पाण्याचा कंडिशनर, रोजमेरीचा स्प्रे आणि ड्रॉपरवाली इवलीशी सीरमची बाटली. "काकू, यातलं खरं काय आहे?" मी म्हटलं, "पावती."

कोल्हापुरात राजारामपुरीत पार्लर चालवून मला बावीस वर्षं झाली. लोकांच्या बाटल्यांची लेबलं बदलली, चुका त्याच राहिल्या. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

पुढची बाजू वाचून बाटली घेणं

माझ्या काउंटरला दोरीने एक भिंग बांधलेलं आहे. मुलाच्या शाळेच्या दप्तरातलं, आता माझं. बाटलीच्या पुढच्या बाजूला काय छापायचं ते कंपनी ठरवते, मागच्या बाजूला काय छापायचं ते बऱ्याच अंशी कायदा ठरवतो. म्हणून पुढची अक्षरं मोठी आणि मागची मुंगीएवढी.

आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स २०२० आहेत. त्यानुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखालचे नंतर कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. माझी युक्ती सोपी आहे. यादीत फिनॉक्सीइथेनॉल हे नाव शोधायचं. हे टिकवण्यासाठी घालतात आणि त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. म्हणजे त्याच्यानंतर जे जे नाव येतं ते चिमूटभर. त्या मुलीच्या शाम्पूत बायोटिन शेवटून दुसरं होतं, सुगंधाच्याही मागे. आणि समजा ते अगदी वर असतं, तरी काय? केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो मेलेला असतो, जिवंत असतं ते टाळूच्या आतलं मूळ. दोन मिनिटांत मोरीत वाहून जाणारं जीवनसत्त्व त्या मुळाला काय भरवणार?

(बायोटिनच्या गोळ्या खात असाल तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच हा इशारा दिलाय.)

आता 'अमुक टक्क्यांपर्यंत केसगळती कमी' या वाक्यावरची चांदणी (*) बघा. चांदणीचा खुलासा खाली, बहुतेक वेळा घडीजवळ सापडतो: तुटण्यामुळे होणारी गळती, कंडिशनर नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत. म्हणजे केस गुळगुळीत झाले, गुंता कमी झाला, फणीत कमी तुटले. मुळापासून गळणाऱ्या केसाचा इथे काही संबंध नाही. तुमचा केस गळतोय की तुटतोय हे घरीच कळतं. फणीतला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला तर मुळातून आलाय, नसेल तर बहुतेक मधेच तुटलाय. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका तुटणाऱ्या केसांवर गळतीचे उपाय करत असतात. त्यांना फक्त ओल्या केसांत बारीक फणी घालणं थांबवायचं असतं.

औषधांच्या नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे. त्यातल्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधाच्या लेबलवरही करता येत नाही. टक्कल, अकाली पिकणारे केस, नवीन केस उगवणं हे सगळं त्या यादीत आहे. म्हणून हुशार कंपन्या 'दाट होतात' लिहीत नाहीत, 'दाट दिसतात' लिहितात. त्या 'दिसतात'वर बोट ठेवायला शिका.

काळी मेंदी

ही माझी दुखरी नस, कारण यात चूक माझीच होती.

२०११ साली धाकट्या दिराचं लग्न होतं. हळदीच्या दोन दिवस आधी सासूबाईंचे केस रंगवायचे ठरले. डाय नको म्हणाल्या, मेंदीच लाव. मी बाजारातून 'हर्बल काळी मेंदी'चं पाकीट आणलं. पुढे मेंदीच्या पानांचं चित्र, खाली 'अमोनिया नाही'. सात वर्षं पार्लर चालवणारी बाई मी, तरी पाकीट उलटून बघितलं नाही. त्यांनी विचारलंही, "कानामागं लावून बघायला नको व्हय?" मी म्हटलं, "काही होत नाही ओ आई, मेंदीच आहे."

अर्ध्या तासात केस कुळकुळीत. घरातल्या सगळ्या बायका खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळावर खाज सुरू झाली, रात्री कानांच्या पाळ्या लाल, आणि हळदीच्या सकाळी त्यांचे डोळेच उघडेनात. पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं, सूज उतरायला पाच दिवस गेले. दिराच्या लग्नाच्या अल्बममध्ये सासूबाई प्रत्येक फोटोत पदर पुढे ओढून उभ्या आहेत. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. अल्बम मात्र आमच्याकडे कुणी काढत नाही.

पाकीट मी नंतर कचऱ्यातून काढून वाचलं. घडीच्या आत लिहिलं होतं: पॅराफेनिलिनडायअमिन. म्हणजे पीपीडी, काळ्या डायमध्ये असतं तेच. ज्या डायमध्ये हे असतं त्यावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सावधगिरीची सूचना छापावी लागते: आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. सूचना होती. मुंगीएवढी.

तर हे पक्कं लक्षात ठेवा. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य लॉसोन. त्याचा रंग केशरी-तांबूस. लोखंडी कढईत भिजवा, चहाचं पाणी घाला, आवळा घाला, फार तर तपकिरीकडे झुकेल. नुसती मेंदी काळी होत नाही. मेंदीवर दुसऱ्या फेरीत नीळीच्या पानांची पूड लावली तर गडद रंग येतो, पण त्याला अर्धा दिवस जातो. ज्या 'मेंदी'ने अर्ध्या तासात काळं होतं, तो पुडीतला डाय समजा. पुडीतच पेरॉक्साइडही असतं, म्हणून नुसत्या पाण्यात कालवून भागतं. आणि 'अमोनिया नाही' याचा पीपीडीशी संबंध नाही. अमोनिया काढून बहुतेक वेळा त्याचंच काम करणारं दुसरं काहीतरी घातलेलं असतं. न विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढच्या बाजूला छापायचं, ही यांची जुनी रीत.

आमच्याकडच्या मावशी म्हणतात, "मी पंधरा वर्षं लावतोय की गं, काय झालंय मला?" मावशी, ही ॲलर्जी पंधराव्या वर्षीही सुरू होते, आणि एकदा झाली की सहसा जन्माची. पुढच्या वेळी आणखी जोरात येते. मी आता कुणालाही, अगदी जुन्या गिऱ्हाइकालाही, कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबवते. "आज संध्याकाळी लग्न आहे" म्हणणारीला परत पाठवते. ती समोरच्या गल्लीत जाऊन करून घेते. घेऊ दे.

दीड महिन्यात तीन तेलं बदलणं

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. रोज ५० ते १०० केस गळणं ठरलेलंच आहे. चार दिवसांनी न्हाणाऱ्या बाईला चार दिवसांचे सुटलेले केस एकदम मोरीत दिसतात आणि ती शाम्पूला शिव्या घालते.

विद्यापीठाच्या हॉस्टेलवरची एक मुलगी डिसेंबरात रडत आली. केसांत हात घातला की मूठभर हातात. आल्या आल्या कुठलं तेल घेऊ हेच विचारलं. मी विचारलं, गणपतीत कशी होतीस? म्हणाली, डेंग्यू झाला होता, आठ दिवस ॲडमिट. संपलं. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, यांचा हिशेब केस दोन-तीन महिन्यांनी चुकता करतात. तेव्हा बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि मग एकदम सुटतात. मूळ जागेवर असतं, काही महिन्यांत केस परत येतात. मी तिला रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं आणि थांब म्हटलं.

थांबते कुठली! जानेवारीत तिने रीळ बघून कांद्याचं तेल मागवलं. मार्चमध्ये कपाळावर नवीन केसांची लव दिसायला लागली, जी तशीही दिसणारच होती. श्रेय तेलाला. आता तीच मुलगी हॉस्टेलभर त्या तेलाचा प्रचार करते.

कांद्याचा एक अभ्यास आहे खरा, २००२ सालचा, इराकमधला. पण तो चाई पडलेल्या थोड्याशा रुग्णांवर, कच्चा रस दिवसातून दोनदा लावून केलेला. चाई म्हणजे गोल चट्ट्यात केस जाणं, तो वेगळा आजार. त्यावरून वासाच्या तेलाची बाटली सगळ्या प्रकारच्या गळतीवर विकणं म्हणजे पन्हाळ्याचं तिकीट काढून गोव्याला उतरवण्यासारखं आहे.

माझी सवय सांगते. एका वेळी एकच वस्तू बदलायची, झाकणावर मार्करने तारीख घालायची, शाम्पूला आठ न्हाणी द्यायची. तेही आधी एक-दोन रुपयांच्या पुडीवर. आठ पुड्या संपेपर्यंत टाळूला खाज सुटली नाही तरच बाटली. ऑफरमधली लिटरची बाटली पहिल्याच फटक्यात घेणाऱ्यांच्या बाथरूममध्ये मी पाचपाच अर्ध्या बाटल्या बघितल्यात.

बाकीच्या चुका, पटापट

कोंड्यावर तेल चोळणं. कोंड्यामागची बुरशी टाळूच्या तेलावरच जगते, तुम्ही तिला जेवण वाढताय. केटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून आणा आणि फेस तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्या. लावला की धुतला, असं केलंत तर पैसे मोरीत.

'सल्फेट फ्री' म्हणजे सौम्यच, असं धरून चालणं. मैल काढायला काहीतरी लागतंच, दुसरं घातलेलं असतं. रोज खोबरेल थापणाऱ्या बाईला सल्फेटवालाच बरा पडतो. रंगवलेल्या, कोरड्या केसांना दुसरा.

'पॅराबेन फ्री' बघून निर्धास्त होणं. पॅराबेन टिकवण्यासाठी घालतात. ते काढून काही कंपन्यांनी त्याजागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन घातलं, आणि त्याने इतक्यांना ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला वर्षाचा ॲलर्जन ठरवलं.

'प्राण्यांवर चाचणी नाही' यासाठी जास्त पैसे मोजणं. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर २०१४ पासून बंदीच आहे.

बोअरच्या पाण्यावर शॉवरचा फिल्टर. उपनगरातल्या नव्या अपार्टमेंटांत हे फार विकलं जातंय. गाळ अडेल, क्लोरीन थोडा कमी होईल, पण पाण्याचा जडपणा त्या मुठीएवढ्या डबीने जात नाही. त्याला मीठ घालावं लागणारं सॉफ्टनरचं यंत्र लागतं. नसेल तर शेवटची बादली नळाच्या पाण्याची घ्या.

तेलाच्या बाटलीवरचं चित्र. बदाम, आवळा, जास्वंद चित्रात, आणि मागे पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे मिनरल ऑइल. ते विष नाही, चमक देतं. पण मग बदामाचे पैसे कशाला? खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाला ते जमलं नाही. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी केला होता, हेही सांगायला हवं. मी तरी खोबरेलच लावते, डिसेंबरात गोठलेली बाटली गच्चीवर उन्हात ठेवून. गंमत म्हणजे कित्येक बाटल्यांवर 'केसांचं तेल' असं लिहिलेलंच नसायचं, कारण खाद्यतेलाला ५ टक्के जीएसटी आणि केसांच्या तेलाला १८. खोबरेल खाद्यतेल की केसांचं, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मिटला. सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना ५ टक्केच आहे.

केराटिन, म्हणजे केस सरळ-गुळगुळीत करायची पार्लरमधली ट्रीटमेंट. यावर गिऱ्हाइकं माझ्याशी भांडतात. एका कंपनीच्या डेमोला गेले होते, बाटलीवर 'फॉर्माल्डिहाइड फ्री'. गरम इस्त्री केसांवर फिरली आणि पहिल्या तीन रांगांतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. शिकवणारा म्हणाला, सवय होते. फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ पासून कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलंय. बाटलीत ते त्या नावाने नसलं तरी काही घटकांतून उष्णतेने बाहेर पडतं. मिथिलीन ग्लायकॉल हे नाव दिसलं तर उठून या. सवय करून घ्यायची नाही म्हणून मी ते काम बंद केलं.

आणि हे माझ्याकडे घेऊन येऊच नका: गोल चट्टा, टाळूवर पू किंवा जखम, केसांबरोबर भुवयाही जाणं, भांग महिन्यागणिक रुंद होत जाणं. थेट त्वचारोगतज्ज्ञ. पैशांची अडचण असेल तर सीपीआर या आमच्या सरकारी दवाखान्याची ओपीडी आहे. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, तेल आणि पुड्यासुद्धा, आणि गेल्या सहा महिन्यांत कधी ताप आला होता ते कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.