दाह आणि जुनाट दुखणं: आहार बदलताना या चुका टाळा

महिनाभर मनापासून पथ्य पाळलं, आवडते पदार्थ सोडले आणि दुखणं तिथल्या तिथेच राहिलं, की माणूस स्वतःलाच दोष देतो. बहुतेक वेळा दोष पद्धतीत असतो. आहाराने दाह (इन्फ्लमेशन) कमी होऊ शकतो, पण कोणत्या दुखण्यात, किती प्रमाणात आणि किती दिवसांत, हे ठाऊक नसेल तर चांगला प्रयत्नही वाया जातो.

दुखणं कशाचं आहे हे न पाहता पथ्य सुरू करणं

सांधे दुखण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि आहाराचा उपयोगही त्याप्रमाणे बदलतो.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. इथे आहार औषधांच्या जोडीला चालतो, त्यांच्या जागी चालत नाही. उपचार झाले नाहीत तर पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडं झिजायला लागतात आणि झालेली झीज भरून येत नाही. ‘आधी आहाराने बघू, मग औषध’ हा विचार या आजारात फार महागात पडतो.

गुडघ्याची झीज असेल आणि वजन जास्त असेल, तर कोणता पदार्थ दाह वाढवतो यापेक्षा वजन किती उतरलं हे महत्त्वाचं. १ किलो वजन घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. आहार आणि व्यायाम दोन्ही मिळून वजन १० टक्क्यांनी उतरवणाऱ्यांना सर्वांत चांगला आराम मिळतो, मात्र त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. घाईने उपाशी राहून वजन उतरवू नका. चरबीबरोबर मांडीचे स्नायूही घटतात, आणि गुडघ्याला आधार त्याच स्नायूंचा असतो.

गाऊटमध्ये, म्हणजे सांध्यांत युरिक ॲसिडचे खडे साठून होणाऱ्या संधिवातात, बहुतेकांचं लक्ष्य रक्तातलं युरिक ॲसिड डेसिलिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली आणण्याचं असतं. पथ्याने ते साधारण १ मिलिग्रॅमने उतरतं. आकडा ९ असेल तर नुसत्या पथ्यावर ६ पर्यंत पोहोचता येत नाही, औषध लागतंच. पालक, मशरूम आणि डाळींना घाबरून त्या बंद करण्याचंही कारण नाही. वनस्पतींमधल्या प्युरीनमुळे (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड तयार होतं) गाऊटचा धोका वाढलेला दिसत नाही. बिअर, साखरेची पेयं, मांस आणि काळीज-मूत्रपिंडासारखे अवयव यांवर लक्ष द्या.

फायब्रोमायल्जियात वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. सांध्यात दाह नसतो, त्यामुळे दाह कमी करणाऱ्या आहाराकडून फार अपेक्षा ठेवू नये.

सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल, तर दाहाचा संधिवात असण्याची शक्यता वाढते आणि तपासणी हवीच. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप असेल, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

गहू, दूध, टोमॅटो, साखर एकाच दिवशी बंद करणं

ही सर्वांत जास्त होणारी चूक. बरं वाटलं तर नेमकं कशामुळे हे कळत नाही, आणि मग चारही गोष्टी जन्मभर बंद राहतात.

गहू सोडण्याआधी सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्या. ही तपासणी शरीरातल्या प्रतिपिंडांवर अवलंबून असते. ग्लुटेन बंद केलं की ती घटतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येतो. खरं निदान हवं असेल तर पुन्हा काही आठवडे ग्लुटेन खावं लागतं, आणि ते बऱ्याच जणांना सहन होत नाही.

अन्नाची ‘असहिष्णुता’ दाखवणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नका. ही प्रतिपिंडं आपण ते अन्न खातो एवढंच सांगतात. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या चाचण्या सुचवत नाहीत. टोमॅटो, वांगी, बटाटा आणि मिरची यांनी संधिवात वाढतो यालाही ठोस पुरावा नाही. तरी शंका असेल तर नीट तपासून पाहा:

१. दोन आठवडे आहारात काहीही न बदलता फक्त रोज नोंद ठेवा.
२. मग एकच गट तीन आठवडे पूर्ण बंद करा. बाकी आहार, व्यायाम, औषधं तशीच ठेवा.
३. चौथ्या आठवड्यात तो पदार्थ पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी नेहमीएवढा खा आणि पुढचे तीन दिवस दुखण्याकडे लक्ष ठेवा.
४. दुखणं वाढलं तर पुन्हा थांबा आणि हाच प्रयोग आणखी एकदा करा. दोन्ही वेळा तेच झालं तरच पदार्थाला दोष द्या.

खाल्ल्यावर पूर्वी कधी ओठ सुजले असतील, गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल, तर ती ॲलर्जी आहे. तो पदार्थ घरी परत सुरू करून पाहू नका.

चमचाभर उपायाकडून गोळीचं काम मागणं

हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के असतं. चहाचा एक चमचा हळद म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ९० मिलिग्रॅम करक्युमिन, आणि तेही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. गुडघ्याच्या झिजेवरच्या चाचण्यांत बहुधा ५०० ते १५०० मिलिग्रॅमचा अर्क वापरलेला असतो. दुधात चिमूटभर हळद घ्यायला हरकत नाही, पण ते औषध समजू नका. उलट, शोषण वाढवलेल्या करक्युमिनच्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. त्यामुळे ‘नैसर्गिक आहे’ म्हणून त्या मनाने सुरू करू नका.

ओमेगा-३ चंही असंच आहे. आमवातातल्या चाचण्यांत रोज साधारण ३ ग्रॅम ईपीए आणि डीएचए (माशांतल्या ओमेगा-३ चे दोन मुख्य प्रकार) किमान तीन महिने दिलेलं असतं. साध्या १००० मिलिग्रॅमच्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये ते दोन्ही मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच असतं. डबीच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा तेलाचा असतो. कामाचा आकडा मागच्या तक्त्यात ईपीए आणि डीएचए यांच्यापुढे लिहिलेला असतो, त्यांची बेरीज करा. मोठा डोस हृदयाचे ठोके अनियमित करू शकतो, म्हणून तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. सामन, सार्डिनसारखे तेलकट मासे आठवड्यातून दोनदा खाणं ही चांगली सुरुवात आहे.

जवसातलं ओमेगा-३ वेगळं असतं आणि त्यातलं थोडंच ईपीएत बदलतं. जवस खाताना बहुतेकांचं चुकतं ते असं, की बिया अख्ख्या गिळल्या जातात आणि तशाच बाहेर पडतात. आठवड्यापुरते दळा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज एक मोठा चमचा वापरा. खवट वास आला तर ती पूड टाकून द्या. मासे न खाणाऱ्यांसाठी शेवाळापासून काढलेल्या तेलात थेट ईपीए-डीएचए मिळतं.

काढलं, पण त्या जागी काय ठेवलं हे न पाहणं

गव्हाचं बिस्किट सोडून ग्लुटेनमुक्त बिस्किट खाल्लं, तर साखर आणि मैद्यासारखं बारीक पीठ तेवढंच राहतं. गोड पेय सोडून फळांचा रस घेतला, तरी साखर सुटत नाही आणि फळातला चोथा मात्र जातो. वरून मिसळलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. ३३० मिलिलिटरच्या गोड पेयाच्या एका डब्यातच साधारण ३५ ग्रॅम साखर असते.

बियांच्या तेलांनी दाह वाढतो असं बरंच ऐकू येतं, पण माणसांवरच्या नियंत्रित चाचण्यांत त्यातल्या लिनोलेइक आम्लाने दाहाचे निर्देशक वाढलेले दिसत नाहीत. टाळायचंच तर अंशतः हायड्रोजनेटेड तेल आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणीचं तेल टाळा.

डाळी, भाज्या, अख्खी धान्यं एकदम दुप्पट केली की पोट फुगतं आणि लोक तिथेच सोडून देतात. चोथा आठवड्याला साधारण ५ ग्रॅमने वाढवत दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्या आणि पाणीही वाढवा.

औषधं चालू असताना डॉक्टरांना न सांगणं

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेत असाल तर हिरव्या पालेभाज्या अचानक वाढवू किंवा बंद करू नका. त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे रक्त पातळ राहण्याचं गणित बिघडतं, म्हणून प्रमाण रोज सारखं ठेवा. करक्युमिन आणि ओमेगा-३ च्या गोळ्याही या औषधाबरोबर विचारूनच घ्या. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर मद्याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला, कारण यकृतावर दोघांचा भार एकत्र पडतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर भरपूर फळं-भाज्यांचा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही, पोटॅशियम वाढू शकतं.

आठवड्यात निकाल लावणं

दुखणं आपोआपही कमी-जास्त होत असतं. सर्वांत वाईट आठवड्यात पथ्य सुरू केलं, तर पुढचा आठवडा काहीही न करता बरा जाण्याची शक्यता असते. म्हणून १२ आठवडे द्या आणि रोज चार गोष्टी लिहा: दुखणं ० ते १० मध्ये किती, सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं, झोप किती तास, वेदनाशामक गोळ्या किती. सुरुवातीच्या दोन आठवड्यांची सरासरी शेवटच्या दोन आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा.

सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) तपासणार असाल तर सर्दी, ताप, दातदुखी किंवा लस घेतल्यानंतर लगेच तपासू नका. आकडा लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आला तर तो आहारामुळे आला असं धरू नका. बहुधा कुठेतरी संसर्ग किंवा इजा असते, किंवा आजारच उफाळलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि तेव्हाही तो चढाच असेल तर अहवाल डॉक्टरांना दाखवा. झिजेच्या दुखण्यात सीआरपी बऱ्याचदा सुरुवातीपासून ठीकच असतो, तिथे वजनाचा काटा आणि जिना चढताना काय वाटतं हेच जास्त सांगतात.