सॉफ्टी मशीन बिघडली म्हणून लगेच मेकॅनिकला फोन लावू नका

आमच्याकडं परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकला की सॉफ्टीला गर्दी होते आन् नेमकं तवाच मशीन रुसते. सगळे म्हणतेत गॅस गेला, कॉम्प्रेसर गेला. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा भानगड एखाद्या रबरी रिंगची नाहीतर जोडणीची असते, म्हणून आधी जोडणी नीट शिका.

हात साबणानं धुवा. बीटर म्हणजे आत फिरून दूध घुसळणारा भाग, त्याच्या दांड्यावर मागचं रबरी सील बसवा, त्याला फूड ग्रेड ग्रीस लावा (गाडीचं ग्रीस चुकूनबी नाही), पण दांड्याचं चौकोनी टोक जे मोटारीत बसतं ते कोरडंच ठेवा. ब्लेड अडकवलेला बीटर सिलेंडरमध्ये (सॉफ्टी गोठते ती आतली नळी, गॅसचा नाही) सरकवून हळूहळू फिरवत दाबा, खटकन बसल्याचं हाताला कळतंय. नळाच्या पिस्टनच्या ओ-रिंगला पातळ ग्रीस, मग पुढचं झाकण. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच बाजू गच्च केली की दुसरीकडून दूध गळणार म्हणजे गळणारच. आन् बीटर न बसवता कूलिंग कधीच चालू करू नका.

आता हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या टाकीत, सॅनिटायझरचं पाणी, डब्यावर दिलेल्या मापानं, वॉश मोडवर पाचेक मिनिटं फिरवून काढून टाका. मग गार मिक्स (सॉफ्टीचं दूध-साखरेचं मिश्रण) ओता, नळ उघडा ठेवा, पाणचट निघून दाट धार आली की बंद करा, हवेची नळी (मिक्ससोबत हवा आत सोडणारी) लावा आन् ऑटोवर टाका. नळी विसरली तर सॉफ्टी जड आन् कमी निघते, मग माल पुरत नाही म्हणून पोऱ्यावर ओरडत बसता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मिक्समध्ये पाणी वाढवणं. साखर कमी पडली की सिलेंडरमध्ये सरळ बर्फ धरतो, बीटर जाम होतो, बेल्ट किंचाळतो, ब्लेड तुटतं. मीबी एका जत्रंत हा शहाणपणा केलता, संध्याकाळचा सगळा धंदा बसला. हॉपर रिकामा होऊ दिला तरी हीच गत, म्हणून मिक्स तळाला जायच्या आत ओता. बर्फ धरलाच तर कूलिंग बंद करून वितळू द्या, आत पेचकस घालून टोचू नका.

मागच्या ट्रेमध्ये दूध टपकायलंय? सील गेलं, बदला. नरम निघायली? आधी कंडेन्सरची, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या भागाची, जाळी बघा, आमच्याकडची धूळ आठ-पंधरा दिवसांत गच्च बसते, मऊ ब्रशनं झाडा, आन् मशीन भिंतीला चिकटवू नका, गरम हवा निघायला जागा पाहिजे. व्होल्टेज पडत असल तर स्टॅबिलायझर लावाच. लाईट जाऊन आली की तीनेक मिनिटं थांबून कॉम्प्रेसर चालू करा. लाईट लई वेळ गेली आन् मिक्स कोमट झालं तर फेकून द्या, जीव जळतो पण फेका, लेकरं खातेत ते.

धुण्याचं म्हणाल तर बोअरचं खारं पाणी नको, पांढरा थर बसतो, फिल्टरचं घ्या. टंचाई आपल्याला नवी नाही, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पण म्हणून एका बादलीत उरकू नका. रोज रात्री पार्ट सोडून, नळाच्या भोकातून बारका ब्रश घालून धुवायचे, तिथंच दूध आंबतं. ते पाणी अंगणात मारा, कूलरमध्ये नको, मी एकदा टाकलं तर तीन दिवस घरात नासलेल्या दुधाचा वास आन् बायकोची बोलणी, दोन्ही.