जुनी मस्टँग उघडण्याआधी

१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग घरच्या गॅरेजात नव्याने उभी करायची, तर बॉनेट उघडण्याआधी पाण्याची बादली आणा. पुढच्या काचेखालच्या जाळीवर सावकाश पाणी ओता आणि कुणाला तरी टॉर्च घेऊन आत पायाशी वाकून बघायला सांगा. जाळीखालचा पत्रा आतून कुजतो, वरून काही कळत नाही. डॅशबोर्डाखालून धार लागली, तर बजेट तिथेच बदलतं, कारण तो भाग काढायचा म्हणजे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) एकेक करून ड्रिलने उसवत बसावं लागतं. इंजिन नंतरही नीट होईल, गंज थांबत नाही. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच, त्यामुळे तळाचा पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या वेल्ड करा. नाहीतर नंतर दारं लागायची नाहीत, त्यातून उघड्या टपाच्या गाडीची तर नाहीच.

मग कागदपत्रं. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर टायटलशी (अमेरिकेतला गाडीच्या मालकीचा कागद) ताडून पाहा. १९६५ च्या नंबरात पाचवं अक्षर सी किंवा ए असेल तर २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन), के असेल तर तेच इंजिन २७१ अश्वशक्तीचं (मग भाव विचारूच नका), टी असेल तर सहा सिलिंडर. टी असूनही आत व्ही-एट दिसलं तर चाकाचे नट मोजा. चारच असतील, तर ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल अजून सहा सिलिंडरवालाच आहे.

भारतातून नेलेला मिलिमीटरच्या पान्यांचा सेट या गाडीवर कामाचा नाही, सगळे नटबोल्ट इंची. अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करून मोकळा होतो. इंची सॉकेट घ्या, जॅक स्टँड घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. काढलेले नटबोल्ट नाव लिहून ठेवायला झिपच्या पिशव्या, मार्कर, शिवाय फायर एक्स्टिंग्विशर हवेतच. ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

मॉडिफिकेशनची हौस सगळ्यांनाच असते आणि पैसे आधी कार्ब्युरेटरवर जातात. पण या गाड्यांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल नळ्यांत ढकलणारा भाग) एकाच खणाचा: एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. आधी दोन खणांचा बसवा, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावा, इथेनॉलला टिकणाऱ्या पेट्रोलच्या नळ्या टाका. अश्वशक्ती त्यानंतर.