फंक्शनल सेफ्टीत यायचंय? आधी एक लूप नीट बघा

इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: "मॅडम, टीयूव्हीचा कोर्स केला तर फंक्शनल सेफ्टीत घेतील का?" नुसत्या त्यावर तरी नाही घेणार. (फंक्शनल सेफ्टी म्हणजे धोका दिसताच कारखाना आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेचं काम.) टीयूव्ही ऱ्हाइनलँड या जर्मन प्रमाणन संस्थेच्या एफएस (फंक्शनल सेफ्टी) इंजिनिअर प्रमाणपत्रासाठी पदवीबरोबर फंक्शनल सेफ्टीतला किमान ३ वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे ज्या कामात शिरायला तुम्हाला प्रमाणपत्र हवंय, ते काम आधी केलेलं असायला हवं. हा पेच क्लासात सुटत नाही. तो तुर्भे, रबाळे, तळोजा, पाताळगंगा इथल्या कारखान्यांत सुटतो, आणि ठाणे-नवी मुंबईकडच्या पोरांना हे सगळं घरापासून जवळ आहे. तिथे जायचं सोडून सगळे ऐरोलीच्या काचेच्या इमारतीतल्या खुर्चीवर डोळा ठेवून असतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

काम काय असतं ते आधी सांगते. घरातला साठवणीचा गीझर बघा. पाणी तापलं की थर्मोस्टॅट करंट तोडतो. हे रोजचं नियंत्रण झालं. थर्मोस्टॅट चिकटून बसला तर वेगळा थर्मल कटआउट असतो. तोही गेला तर प्रेशर वाढल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह. तीन थर, आणि एकाचा बिघाड दुसऱ्याला बाधू नये ही अट. कारखान्यात रोजचं नियंत्रण डीसीएस, म्हणजे डिस्ट्रिब्युटेड कंट्रोल सिस्टीम, करते, आणि तिच्यापासून वेगळी ठेवलेली सेफ्टी इन्स्ट्रुमेंटेड सिस्टीम, म्हणजे एसआयएस, वेळ आली की ट्रिप मारते, म्हणजे प्लांट सुरक्षितपणे बंद करते. बोलताना आम्ही तिला सरसकट ईएसडी (इमर्जन्सी शटडाउन) म्हणतो. या थरावर किती भरवसा हवा, तो प्रत्यक्षात आहे का, आणि कारखाना जुना होईल तसा टिकेल का, एवढ्या तीन प्रश्नांवर आमचं पोट चालतं.

हेल्मेट, वर्क परमिट, फायर ड्रिल हे खातं वेगळं. बेलापूरला नॅशनल सेफ्टी काउन्सिलचं मुख्यालय आहे, तिकडे प्रशिक्षणाला जाणारे सेफ्टी ऑफिसर वेगळे आणि आम्ही वेगळे. (आमच्याकडच्या लग्नांत माझी ओळख अजूनही 'सेफ्टी ऑफिसर' अशीच करून देतात. मी नाद सोडला.)

या क्षेत्राचं मूळ मानक आयईसी ६१५०८. त्यातून प्रोसेस इंडस्ट्रीसाठी आयईसी ६१५११ निघालं. पहिली आवृत्ती २००३ ची, दुसरी २०१६ ची. भरवसा मोजायची पट्टी म्हणजे सिल, सेफ्टी इंटेग्रिटी लेव्हल. गरजेच्या वेळी ट्रिप न होण्याची सरासरी शक्यता ०.१ ते ०.०१ असेल तर सिल १, ०.०१ ते ०.००१ असेल तर सिल २, त्याच्या दहापट कडक सिल ३. प्रोसेस प्लांटमध्ये सिल ४ ची गरज निघाली तर एसआयएस वाढवत बसू नये, मूळ डिझाइनच पुन्हा बघावं, असं माझं मत आहे आणि मानकाचा कलही तोच आहे.

हे आकडे पाठ करणं सोपं. ते कशाने हलतात हे कळलं पाहिजे. समजा, एका शटडाउन व्हॉल्व्हमध्ये धोकादायक आणि बाहेरून न कळणारा बिघाड तासाला ०.०००००२ या दराने होतो. वर्षातून एकदा, म्हणजे ८,७६० तासांनी, त्याची पूर्ण प्रूफ टेस्ट, म्हणजे तो खरंच बंद होतो का याची चाचणी, होते. गरजेच्या वेळी तो बंद न होण्याची सरासरी शक्यता: दर गुणिले तास, भागिले २. उत्तर सुमारे ०.००८८, सिल २ मध्ये जेमतेम बसलं, तेही मोजमाप पाठवणारा ट्रान्समीटर आणि ट्रिपचा निर्णय घेणारा लॉजिक सॉल्व्हर यांचा वाटा अजून धरलेला नाही. आता प्रॉडक्शनवाल्यांनी शटडाउन पुढे ढकललं आणि टेस्ट ३ वर्षांनी झाली. उत्तर ०.०२६. व्हॉल्व्ह तोच, सर्टिफिकेट तेच, आणि आता सिल १. बहुतेक हिशेबांत सर्वात मोठा वाटा व्हॉल्व्हचाच निघतो, कारण तो वर्षभर एकाच जागी उघडा उभा असतो आणि त्याने कधीतरी एकदाच, पण नक्की, बंद व्हायचं असतं. ज्याने शटडाउनमध्ये असा गंजलेला, पॅकिंग घट्ट झालेला व्हॉल्व्ह सुटा करून पाहिलाय, त्याला हे सूत्र शिकवावं लागत नाही.

नव्या माणसाने एक अपघात मुळापासून वाचावा असं मला विचाराल तर मी ब्रिटनमधला बन्सफील्डचा सांगेन. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. पेट्रोलच्या टाकीत पाइपलाइनमधून माल येत होता. लेव्हल गेज अडकलं, पडद्यावरची रेघ सरळ राहिली आणि टाकी भरतच गेली. हे गेज त्याआधीच्या साडेतीन महिन्यांत १४ वेळा अडकलं होतं. टाकीवर स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता, म्हणजे कागदावर दुसरा थर होता. त्या स्विचला टेस्ट करायची एक दांडी होती, आणि टेस्टनंतर ती योग्य जागी राहावी म्हणून तिला कुलूप लावायचं होतं. ते कुलूप कशासाठी आहे हे तिथल्या लोकांना कळलं नव्हतं, ते लावलं गेलं नाही, आणि स्विच निकामी राहिला. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर आलं, वाफेचा ढग पसरला, स्फोट झाला. चाळीसहून अधिक जखमी. रविवार होता म्हणून कोणी दगावलं नाही. या एका अपघातात आमचा निम्मा अभ्यासक्रम आहे: वारंवार होणारा बिघाड कोणी मोजत नव्हतं, आणि बनवणाऱ्याकडची माहिती वापरणाऱ्यापर्यंत पोचली नव्हती.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं प्लांटमध्ये काढा. मेंटेनन्स मिळालं तर उत्तम, कमिशनिंग (नवा प्लांट पहिल्यांदा चालू करणं) मिळालं तर त्याहून उत्तम. ट्रान्समीटर, जंक्शन बॉक्स, मार्शलिंग कॅबिनेट, आय/ओ कार्ड, लॉजिक, सोलेनॉइड, ॲक्च्युएटर, व्हॉल्व्ह असा मोजमापापासून कृतीपर्यंतचा एक अख्खा लूप स्वतः चालत जाऊन बघा. आणि ऑपरेटरशी बोला. रबाळ्याच्या एका प्लांटमध्ये घणसोलीचे एक जुने ऑपरेटर होते. मी विचारलं, "काका, हा लो फ्लो ट्रिप बायपासला का ठेवलाय?" ते म्हणाले, "पंप चालू करताना फ्लो नसतोच ना मॅडम. ट्रिप मारतो. मग चावी फिरवतो. परत फिरवायची आठवण राहिली तर राहिली." पंप सुरू होताना ठरावीक सेकंदांनी आपोआप निघणारा बायपास, म्हणजे ट्रिपला तात्पुरती सुट्टी, डिझाइनमध्येच द्यायला हवा होता. कोणीतरी स्पेसिफिकेशन लिहिताना स्टार्टअपचा विचारच केला नव्हता, आणि त्याचा भार काकांच्या आठवणीवर टाकला होता.

हे अपवादाने घडत नाही. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने कंट्रोल सिस्टीमशी निगडित ३४ घटना तपासल्या, तेव्हा ४४ टक्के घटनांचं मूळ चुकीच्या किंवा अपुऱ्या स्पेसिफिकेशनमध्ये निघालं. कमिशनिंगनंतर केलेल्या बदलांत आणखी सुमारे २० टक्के. म्हणून सेफ्टी रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन, आमच्या भाषेत एसआरएस, नीट लिहिता येणारा इंजिनिअर मला गणितातल्या हुशारापेक्षा जास्त हवा असतो. जुन्या प्रोजेक्टचं एसआरएस कॉपी करून टॅग नंबर बदलणाऱ्यांना मी दुरून ओळखते.

ऑफिसात आल्यावर पहिलं काम बहुधा हॅझॉपमध्ये, म्हणजे धोके शोधायच्या बैठकीत, नोंदी टाइप करणाऱ्या स्क्राइबचं मिळेल. ही पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत घडली. 'फ्लो नाही', 'प्रेशर जास्त' असे शब्द धरून ड्रॉइंगवरची एकेक लाइन तपासायची. मुलांना वाटतं, हे कारकुनी काम. अहो, प्रोसेस, ऑपरेशन, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंट असे सगळे जुनेजाणते एका टेबलाला बसून भांडतात आणि ते ऐकायचा तुम्हाला पगार मिळतो! न कळलेलं वाक्य तसंच टाइप करू नका, तिथेच थांबवून विचारा. त्यानंतर लोपा, म्हणजे कोणता थर धोका किती पटींनी कमी करतो याचा हिशेब. इथे एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. ज्या ट्रान्समीटरच्या बिघाडामुळे धोका सुरू झाला, त्याच ट्रान्समीटरवरचा अलार्म स्वतंत्र थर म्हणून मोजता येत नाही. मीटिंगमध्ये हे बोलायला धीर लागतो, कारण समोरच्याला तो थर मोजून सिल ३ टाळायचा असतो.

फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्ट, एफएटी, म्हणजे सिस्टीम बनवणाऱ्याकडेच होणारी चाचणी, जिथे मिळेल तिथे पदरात पाडून घ्या. कॉज अँड इफेक्ट चार्ट (कोणत्या कारणाने काय बंद व्हायचं त्याचा तक्ता) हातात, समोर पॅनेल, आणि एकेक इनपुट देऊन कोणता आउटपुट पडतो ते बघायचं. टू आउट ऑफ थ्री व्होटिंग, म्हणजे तीनपैकी दोन ट्रान्समीटरनी सांगितलं तरच ट्रिप, पुस्तकात दोन ओळींत संपतं. तीनपैकी एक ट्रान्समीटर फॉल्टमध्ये टाकल्यावर उरलेल्या दोघांचं लॉजिकने काय करायचं, यावर क्लायंटशी अर्धा दिवस वाद होतो. आखाती प्रोजेक्टची बरीच कामं आपल्या भागातल्या ऑफिसांतून होतात, त्यामुळे अशी संधी मिळते.

सायबर सिक्युरिटी थोडी तरी शिका. आयईसी ६१५११ च्या २०१६ च्या आवृत्तीने एसआयएससाठी सुरक्षा-जोखमीचं मूल्यांकन करायला सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी सौदीतल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन हे मालवेअर थेट ट्रायकोनेक्स सेफ्टी कंट्रोलरमध्ये घुसलेलं सापडलं. प्लांट ट्रिप झाला म्हणून ते उघडकीला आलं.

केमिकल नको असेल तर गाड्यांसाठी आयएसओ २६२६२ आहे, पण त्यासाठी पुण्याची वाट धरावी लागेल. रेल्वे आणि मेट्रोच्या सिग्नलिंगमध्ये सिल ४ रोजचं आहे. आपल्या रेल्वेचं 'कवच' सिल ४ चंच.

प्रमाणपत्र तीनेक वर्षांनी घ्या, शक्यतो कंपनीच्या खर्चाने. तोवर डिप्लोमावाल्यांनी मागे हटायचं कारण नाही. माझ्या टीममधला सर्वात धारदार माणूस इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा आयटीआय करून, पुढे डिप्लोमा घेऊन आला आहे. पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्रांपेक्षा कमी वाटेल, आणि घरच्यांना कामाचं नाव सांगता येणार नाही, हे दोन्ही धरून चला.

मुलाखतीत सिलचे आकडे मी शेवटी विचारते. आधी कागद-पेन पुढे करून एक लूप काढायला सांगते आणि मग विचारते: इन्स्ट्रुमेंट एअर गेली तर हा व्हॉल्व्ह कुठे जाईल? केबल तुटली तर लॉजिकला काय दिसेल? याची टेस्ट प्लांट चालू असताना कशी करशील, आणि त्या टेस्टमध्ये कोणता बिघाड सापडणारच नाही? शेवटच्या प्रश्नावर जो थोडा थांबून विचार करतो, त्याच्याशी पुढे तासभर बोलायला मला आवडतं.